उचलून आणलेला गाळ आणि आमच्या घरातले दोन ताप

हल्ली कुणी हौसेनं एखादं रोप कुंडीसकट हातात ठेवलं, की मी आधी माती कुठली ते विचारते. "बागेतलीच आहे हो," असं उत्तर येतं. बागेत ती कुठून आली, हा माझा पुढचा प्रश्न. नवरा म्हणतो, तुला मिलिटरी पोलिसात घ्यायला पाहिजे होतं. पण ज्या वर्षी हा प्रश्न विचारायला हवा होता, त्या वर्षी मी तो विचारला नाही. उलट चांगल्या अक्षरात अर्ज लिहून दिला. त्यातून जे झालं ते इथं लिहिते आहे. पूर ओसरल्यावर ज्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असे ढीग पडतात, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हे वाचनात यावं. मी डॉक्टर नाही. जेवढं अंगावरून गेलं तेवढंच मला माहीत आहे.

मागून घेतलेला ढीग

माझं माहेर पाटणच्या वर, डोंगरात. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. बारावी झाली आणि लग्न होऊन मी सांगलीत आले. सासर मूळचं आष्ट्याकडचं, ऊसवालं. सासरे गेल्यावर शेती दिरांनी सांभाळली आणि आम्ही सांगलीच्या कडेला, जरा उंचावरच्या एका कॉलनीत घर बांधलं. नवरा फौजेत, वर्षातले दहा महिने बाहेर. घरात मी, मुलगी आर्या आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

मी बी.ए. झाले ती आत्यांमुळे. लग्नानंतर आठच दिवसांनी त्यांनी विचारलं होतं, "शिकायचं हाय का तुला अजून? मग शीक की." त्यांना स्वतःला अक्षर येत नाही. पण शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला त्या तीन महिन्यांच्या आर्याला मांडीवर घेऊन कॉलेजच्या आवारात तीन-तीन तास बसल्या. कुणी विचारलं की सांगायच्या, "सून पेपर लिवायला गेलीया." हे वाक्य त्या लागतं त्यापेक्षा थोडं मोठ्यानं म्हणायच्या. आज मी एका सार्वजनिक वाचनालयात सहायक आहे. ती नोकरी त्या डिग्रीवर मिळाली.

त्या वर्षी पूर मोठा आला. आमच्या कॉलनीत पाणी शिरलं नाही. पण खालचं शहर आठवडाभर पाण्यात होतं, आणि पाणी उतरल्यावर रस्त्यांवर गुडघ्याएवढा गाळ राहिला. तो जेसीबीनं भरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिवसभर आमच्या रस्त्यावरून गावाबाहेर जायच्या.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे. त्यातला मुरूम कुणी तरी पूर्वी उचलून नेलेला, त्यामुळं तिथं मोठा खड्डा. दर पावसाळ्यात त्याचं तळं होतं. शेजारच्या मंगलवहिनी गेटपाशी उभ्या राहून ट्रॉल्या बघत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या लांब कशाला घेऊन जात्यात? हितंच वता म्हणावं. आमचा खड्डा बी बुजंल."

सगळ्यांना पटलं. गल्लीतले अर्ज लिहायचं काम माझ्याकडेच असतं. मी लिहिलं, 'सदर प्लॉट सखल असून रहिवाशांना त्याचा त्रास होतो, तरी पुराचा गाळ येथे टाकून मिळावा.' खाली अकरा सह्या आणि एक अंगठा, तो आत्यांचा. अर्ज वाचून ठेकेदाराच्या मुकादमाचा चेहरा इतका खुलला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्याची प्रत्येक खेप निम्म्यावर आली होती.

दोन दिवसांत खड्डा भरला. मग त्याच्यावर ढीग चढला. मग ढीग आमच्या कंपाउंडच्या भिंतीपेक्षा उंच झाला.

नदीकाठच्या शेतकऱ्याला पुराचा गाळ परका नसतो. आष्ट्याकडे पूर उतरला, की कुणाच्या रानात किती गाळ बसला हे लोक कौतुकानं बघायला जातात. पुढच्या वर्षी त्या रानाला खत लागत नाही. आत्या ढिगापाशी गेल्या, चिमूटभर गाळ घेऊन चोळला, नाकाशी नेला आणि खूश झाल्या.

"बघ की, हळद हाय ह्यात."

खरंच होती. बाजारातली हळदीची गोदामं पाण्यात गेली होती. ढिगात पिवळ्या रेघा दिसत होत्या.

"हळद असल्यावर काय वंगाळ असतंय? आपल्या परड्यात टाकूया. वांगी बघ कशी येत्यात."

त्या रविवारी आम्ही दोघींनी वीस-पंचवीस घमेली गाळ परसात नेऊन टाकला. गाळात चप्पल अडकते, म्हणून चपला काढून ठेवल्या. माझी टाच आदल्याच दिवशी फरशीच्या कोपऱ्यानं कापली होती. आत्यांच्या टाचांना बारा महिने भेगा. ढिगात गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, सलाइनची एक बाटली होती. एक उंदीर आमच्या समोरून आत शिरला.

"आत्या, उंदीर."

"उंदीर कुठं नसत्यात गं."

मी काय सांगितलं

दहा-बारा दिवसांनी मला ताप आला. पोटऱ्या अशा दुखायच्या, की कुणी तरी आतून पिळतंय. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल सांगून गोळ्या दिल्या. त्यांना दोष देत नाही, त्या आठवड्यात निम्मं शहर तापानं फणफणत होतं. पाचव्या दिवशी सकाळी आर्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, तुझे डोळे असे का झालेत?"

मी आरशात बघितलं. डोळे पिवळे होते.

माझा भाऊ पाटणहून आला. त्याला मी दादा म्हणते. त्यानं मला सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडम शांत बोलणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत पुराच्या पाण्यात, चिखलात पाय घातला होता?"

मी म्हटलं, "हो. आमच्या वाचनालयात पाणी शिरलं होतं. खालच्या कपाटातली पुस्तकं काढली, चिखल काढला."

"आणखी कुठं?"

"नाही."

वाचनालयाची गोष्ट खरी होती. पण पुरी नव्हती. मी ढीग का लपवला, याचा नंतर खूप विचार केला. वाचनालयातला चिखल पुरानं आणला होता, त्यात कुणाचीच चूक नव्हती. ढीग मात्र मी अर्ज लिहून मागवला होता. अख्ख्या गल्लीत शिकलेली म्हणून मिरवणारी मी, आणि हे मॅडमना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तापातसुद्धा माणसाला आपली अब्रू दिसते.

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. लेप्टो. उंदरांच्या लघवीतून हा रोग चिखलात उतरतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो, एवढं मला समजलं. माझ्या लिव्हरला आणि किडनीला धक्का बसला होता. मॅडमनी दादाला बाजूला घेतलं, पण मला ऐकू येत होतं. "घरातल्या आणखी कुणी चिखलात काम केलंय का? असेल तर त्यांनाही दाखवून घ्या."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. नाही.

ती मान मी आयुष्यभर विसरणार नाही.

वॉर्डातले दिवस

सकाळी सहाला नर्स यायची. रात्रभरात लघवी किती झाली ते मापाच्या भांड्यातून बघून पाटीवर लिहायची. तो आकडा कमी असला, की तिचा आवाज बदलायचा. मग रक्त काढणारा, मग सलाइन, मग झाडूवाल्या मावशी, मग साडेदहाला मॅडम. मला प्रत्येकाची शंका यायची. इंजेक्शनची बाटली दाखवल्याशिवाय मी हात पुढं करत नव्हते. मॅडम दाराबाहेर दोन मिनिटं थांबून कुणाशी बोलल्या, तर त्या माझ्याबद्दलच बोलल्या अशी माझी खात्री व्हायची. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "ताई, तुमी झोपत न्हाईसा. नुसत्या राखण करताय."

चांगली माणसंही भेटली. चौथ्या दिवशी झाडूवाल्या मावशींनी आपण होऊन माझे केस विंचरून वेणी घातली. मी त्यांना काही म्हटलं नव्हतं. वेणी घातल्यावर पहिल्यांदा मला वाटलं, की आपण यातून उठू.

पण माझी सगळ्यात मोठी शंका आत्यांवर होती. पहिले दोन दिवस त्या पायथ्याशी बसून होत्या. तिसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. डबा दादा घेऊन यायचा. मी विचारलं, की तो म्हणायचा, "आर्याची शाळा हाय, घर हाय, कशा येतील?" शाळा आणि घर पहिले दोन दिवसही होतं. माझ्या मनात नको ते यायला लागलं. आता हिला माझा कंटाळा आला. मुलगा लांब, सून पडलेली, कशाला करायचं? पाचव्या दिवशी मी दादाला म्हटलं, "बघितलंस? शेवटी सासू ती सासूच."

दादा खिडकीतून खाली गाड्या बघत राहिला. दादा इतका वेळ गप्प राहणारा माणूस नाही.

मग मी डब्याकडं नीट बघायला लागले. आत्यांची भाकरी जाड असते, एका कडेला थोडी करपलेली, कारण त्या शेवटची भाकरी तव्यावर ठेवून दुसऱ्या कामाला लागतात. डब्यातल्या भाकऱ्या पातळ आणि एकसारख्या गोल होत्या. सहाव्या दिवशी संध्याकाळी पाचला मी घरी फोन लावला. आर्यानं उचलला.

"आजीला दे."

"आजी झोपलीय."

"आत्ता? आजी दिवसा कधी झोपते?"

"मला माहीत नाही. मला अभ्यास आहे."

आर्या आपण होऊन अभ्यासाचं नाव घेत नाही. कुणी तरी तिला शिकवून ठेवलं होतं.

दादा डबा घेऊन आला तेव्हा मी डबा उघडलाच नाही.

"दादा, भाकरी कुणी केल्या?"

"घरातनंच आल्यात."

"कुणाच्या घरातनं?"

त्यानं डबा माझ्याकडं सरकवला. "जेव की गप."

"कुणाच्या घरातनं, दादा?"

"मंगलवहिनींच्या. झालं समाधान?"

"आत्यांना काय झालंय?"

"काय न्हाई गं. कणकण हाय जरा. मेडिकलमधनं गोळ्या आणल्यात. तुला सांगायचं न्हाई म्हणून आर्याच्या गळ्याची आण घातलीया त्यांनी मला. मोडायला लावलीस बघ."

"किती दिवस झाले?"

"चार."

आत्यांनी आमच्या वाचनालयात आजवर पाऊलही टाकलेलं नव्हतं.

आत्यांना आणलं ते

मी नर्सला मॅडमना बोलवायला सांगितलं आणि त्या आल्यावर सगळं सांगितलं. अर्ज, ढीग, घमेली, अनवाणी पाय. त्यांनी लिहिणं थांबवलं. "हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्यांना आत्ता आणा. उद्या नको."

मी आत्यांना फोन लावला. आवाज इतका बारीक होता, की मला आधी दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"आत्या, दादा रिक्षा घेऊन येतोय. दवाखान्यात या."

"मला काय धाड भरलीया? दोघी बी तिथं झोपलो तर पोराला सुट्टी टाकून यावं लागंल. आन् ह्या दवाखान्यांचं तुला सांगते, सुई टोचली की रोग निघतोच."

"आवं, हा त्या गाळाचा ताप आहे."

"गाळाचा? तू तर डाक्टरीणबाईला पुस्तकातल्या चिखलाचा म्हनलीस. दादानं सांगितलं मला."

"खोटं बोलले मी."

"का गं?"

"अर्ज मी लिहिला होता, आत्या."

"आन् अंगठा मी दिला न्हवता व्हय?" त्या म्हणाल्या. मग खोकल्या. "पर गाळ वंगाळ नसतुय. हळद हुती त्यात. मी हुंगून बघितलाय."

यापुढं त्या हलेनात. मी नवऱ्याला फोन लावला आणि तिघांचा एकत्र फोन जोडून घेतला. तो तेव्हा उत्तरेत एका बर्फाच्या शहरात होता. घरचं असं काही असलं, की तो आधी रागावतो. त्या दिवशी रागावला नाही, त्यामुळं मी जास्त घाबरले.

"आई, ऐक," तो म्हणाला. "हितं बर्फ पडतंय तवा नुसतं बघत राहावं वाटतंय. आमची नवी पोरं तोंडात घालत्यात. मग रस्ता खुला करायला मशीन येतंय, आन् ते बर्फ उचलून शहराच्या कडंला, वस्तीजवळ नेऊन टाकत्यात. घराएवढा ढीग हुतोय. उन्हं तापली की ते वितळतंय. खालनं काय निघतंय सांगू? गाड्यांचं तेल, रस्त्यावर मारलेलं मीठ, प्लास्टिक, मेलेलं कुत्रं. काळं पाणी वस्तीच्या नाल्यात उतरतंय. तिथल्या बायका त्या ढिगाकडं पोरांना फिरकू देत न्हाईत."

"बर्फ काय मी बघितलं न्हाई," आत्या म्हणाल्या.

"न्हाई बघितलंस, पर ऐक की. वरनं पडलं तवा चांगलंच हुतं ते. रस्त्यावरनं उचललं तवा रस्त्याची समदी घाण त्यात आली. आपल्या ढिगाचं तसंच झालंय. आपल्या रानात बसतोय तो गाळ नदीचा. ह्यो गटारातनं, दुकानांतनं, दवाखान्यांच्या दारातनं खरवडलाय."

मग आत्या जे बोलल्या ते त्यांचं स्वतःचं होतं, आम्हा दोघांनाही सुचलेलं नव्हतं.

"आष्ट्यात आमी पाण्यासंगं आलेला गाळ घ्यायचो," त्या सावकाश म्हणाल्या. "ट्रॉलीनं आलेला कवाच घेतला न्हवता." आणि थोड्या वेळानं, "बोलीव तुझ्या भावाला. पर आर्याला मंगलकडं सोडायला सांग. पोरीला त्या परड्यात जाऊ दिऊ नगंस."

काचेपलीकडं

आत्यांना माझ्यापासून तिसऱ्या पलंगावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांची लघवी जवळजवळ बंद झाली आणि त्यांना आत, आयसीयूत हलवलं. माझे आकडे सुधारत होते, त्यांचे बिघडत होते. डायलिसिस करावं लागेल असं मॅडमनी सांगितलं.

नवरा सुट्टी काढून आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यानं मला एकच विचारलं, "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर?" त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. तो मनातल्या मनात अजून रोज विचारतो असा मला संशय आहे. मी तोच प्रश्न मॅडमना विचारला होता. चार दिवसांनी फरक पडला असता का? त्या म्हणाल्या, "ते सांगता येत नाही." खरंच सांगता येत नाही, की मला वाचवायला तसं म्हणाल्या, हे मला आजही कळलेलं नाही.

मला डिस्चार्ज मिळाला, पण मी घरी जाऊन करणार काय? दिवसभर आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून असायचे. आत जायला दुपारी दहा मिनिटं मिळायची. पहिल्या डायलिसिसनंतर आत्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, काही तरी शेवटचं सांगणार. त्या कानात म्हणाल्या, "माझं रगात भाईर काढून धुत्यात आन् परत घालत्यात म्हणं. कुणाचं तरी दुसऱ्याचंच घालतील. तू नजर ठेव."

मी ठेवली. काचेतून त्या यंत्राची नळी त्यांच्यातून निघून परत त्यांच्याकडंच जाते, हे मी दोन दिवस काचेवरून बोट फिरवत पाहिलं. हसू येतं आता. तेव्हा त्या नळीशिवाय मला दुसरं काही दिसत नव्हतं.

दोन डायलिसिस झाले. तिसऱ्याची तयारी होती त्या सकाळी नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, "आजीला लघवी झाली. भरपूर झाली." बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांनीही माझ्याकडं बघून मान डोलावली. त्या बाकावरच्या लोकांना या बातमीचा अर्थ सांगावा लागत नाही.

ढिगाचं काय झालं

गल्लीत दोन तट पडले. काही जण म्हणाले, ढिगामुळंच झालं हे सिद्ध कुठं झालंय? खरं आहे, सिद्ध झालेलं नाही. मॅडमही म्हणाल्या, की ते आता शोधता येणार नाही. काही जणांना गल्लीचं नाव खराब होईल याची काळजी होती. मंगलवहिनींनी मात्र आत्यांना दवाखान्यात नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात उभं केलं. मला म्हणाल्या, "वता म्हणून मीच म्हनले हुते गं. तोंड दाखवायला लाज वाटती." त्यांच्याकडं कुणाला काही झालेलं नव्हतं. नंतरही झालं नाही.

ठेकेदाराच्या माणसांनी ढिगाचा वरचा भाग उचलून नेला, राहिलेल्यावर चुना टाकून मुरूम पसरला. आमच्या परसातला गाळ नवऱ्यानं गमबूट आणि हातमोजे घालून खणून काढला, पोत्यात भरला. पोती भरून झाली आणि आम्ही दोघं त्यांच्याकडं बघत उभे राहिलो. कुठं टाकायची? कुठंही टाकली तरी ती कुणाच्या तरी दारापाशीच जाणार होती. शेवटी ढीग उचलणाऱ्या ट्रॉलीत दिली. मी मुकादमाला विचारलं, "हे कुठं नेणार?"

"लांब."

"लांब म्हणजे कुठं?"

"लांब, ताई. वस्ती न्हाई तिथं."

मी जागेचं नाव विचारलं. तो ट्रॅक्टरवाल्याला हाक मारत निघून गेला. ते नाव मला अजून कळलेलं नाही. प्लॉटवर आता गवत माजलंय, इतकं हिरवं, की नवा माणूस कौतुकानं बघतो. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जाते.

वाचणाऱ्याला माझं सांगणं थोडकं आहे. पुरानंतर ताप आला आणि पोटऱ्या दुखल्या, तर वाट बघू नका. डॉक्टर विचारतील त्याआधीच सांगा, कशात पाय घातला, कशात हात घातला. लाज वाटेल अशी गोष्ट असली तर ती आधी सांगा. तुमच्याबरोबर आणखी कोण होतं, तेही सांगा. आणि घरातलं कुणी फोनवर येईनासं झालं, तर रागावण्याआधी त्याला ताप आहे का ते बघा.

तीन महिन्यांनी

आत्यांचा रिपोर्ट आणायला आम्ही दोघी गेलो होतो. लॅबच्या बाहेर पायरीवर बसून मी पाकीट उघडलं. बाकीचं सगळं ठीक होतं. किडनीचा एक आकडा अजून थोडा वर होता. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, की या वयात तो पूर्ण खाली यायला वेळ लागेल, कदाचित येणारही नाही, पण पथ्य पाळलं तर चालेल.

मी कागद घडी करत म्हटलं, "सगळं छान आहे, आत्या."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, उलगडला आणि डोळ्यांपासून लांब धरला. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. पण बोट बरोबर एका जागी थांबलं.

"मग ह्या एकट्यालाच काळं का केलंय? बाकीचं बारीक हाय, ह्यो जाड हाय."

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

"दवाखान्यात तू लपीवलंस," त्या म्हणाल्या, "घरात मी लपीवलं. दोघी जाता जाता राहिलो. आता मला येडी समजून वाचू नगंस. पेपर लिवायला तुला मी धाडलं हुतं. वाच."

मी कागद मांडीवर पसरला आणि नावापासून सुरुवात केली. नाव, वय, मग एकेक ओळ. प्रत्येक आकड्याला आत्या "व्हय" म्हणत गेल्या. जाड आकडा आला तेव्हा मी तो वाचला, किती असायला हवा ते सांगितलं, आणि कदाचित खाली येणार नाही, तेही सांगितलं.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं.